अनंताच्या बाबांचं बटण

ब्राउझरच्या पोटात एक आकडा असतो. तो पाच होता, मी चार केला. सुरुवातीला मी केलं ते एवढंच, आणि हे मी कुणाहीसमोर शपथेवर सांगेन. त्यानंतर आमच्या आळीत एक ठराव झाला, निगडीच्या पाल्याने एक माउस निकामी झाला आणि कुंडलिककाका लॅपटॉपजवळ बसायला लागले. ह्या सगळ्याचा त्या आकड्याशी संबंध आहे, हे मी नाकारत नाही. पण खापर फोडायचंच असेल, तर ते K ह्या अक्षरावर फोडावं.

रंभाकाकी माझी सख्खी चुलती. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक तुळस आणि एक दोरी, एवढंच अंतर. धसईपासून आत, फाट्यावर उतरून चालत यावं लागतं असं आमचं गाव. तिथे तांदळाच्या पापडांचा महिला गट उभा केला तो काकीने. गटाची सचिव तीच. 'सचिव' हा शब्द ती अशा काही सावकाशीने उच्चारते, की समोरच्याला आपण चप्पल बाहेर काढली ना, याची आठवण व्हावी.

दिवाळीनंतर मुरबाडच्या तालुका कार्यालयाने कळवलं, की पापडांची मागणी आता एका वेबपानावर येईल. सचिवाने स्वतः पान उघडायचं, मागणी वाचायची आणि 'कायम करा' हे बटण दाबायचं. हे ज्या सचिवाला स्वतःच्या हाताने जमणार नाही, त्या गटाने दुसरी सचिव निवडायची. कुणाला जमतं आणि कुणाला नाही, ते मुरबाडला सगळ्यांसमोर प्रात्यक्षिकात बघणार.

"मनू," काकी मला म्हणाली, "पोरी मी गोला केल्या, पापडाचं पीठ मी मळलं, कल्याणचं दुकान मी धरलं. आता या उंदरापायी माझं सचिवपण जायाचं काय गो?"

उंदीर म्हणजे माउस. अनंताने, म्हणजे तिच्या मुलाने, भिवंडीहून जुना लॅपटॉप पाठवला होता आणि त्याच्यासोबत हा प्राणी. काकीच्या उजव्या मनगटात संधिवात आहे. बोट खाली दाबता येतं, पण हात आडवा सरकवला की कळ खांद्यापर्यंत जाते. शहापूरच्या डॉक्टरांनी हात आडवा हलवायला बंदी केली होती. आणि माउस तर आडवा हलवण्यासाठीच जन्माला आलाय. काकीने धीर करून हलवलाच, तर बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन लपायचा.

"चिंबोरीवानी तिरपा पलतोय बग," ती म्हणायची. "बिळात गेला. आता काय, हात घालू?"

माझं शिक्षण भौतिकशास्त्रातलं. भगीरथमामा त्याला अजूनही "फिजिकल" म्हणतात, आणि मला पीटीची मास्तरीण होण्यासाठी शुभेच्छा देतात. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, आणि जगातल्या कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे एसटीतला दाखला असतो. माउसबद्दल त्यांचं मत पडलं, की स्टेअरिंग जाम आहे, ग्रीस लावा. समोरच्या घरातल्या बाईजाआजींनी ग्रीसला विरोध केला आणि निगडीचा, म्हणजे निर्गुंडीचा, पाला गरम करून आणला. अर्धा काकीच्या मनगटाला बांधला. उरलेला वाया कशाला घालवायचा, म्हणून माउसला बांधला. काकीचं मनगट थोडं हलकं झालं. माउस त्यानंतर पुन्हा कधी हलला नाही.

अशा परिस्थितीत विज्ञानाने पुढे यावं, असं मला वाटलं.

मी त्या वेबपानाचा अभ्यास केला. पान बनवणारा मनुष्य विचारी असावा, कारण त्याने प्रत्येक बटणाला कीबोर्डवरचं एकेक अक्षर नेमून दिलं होतं. 'नवीन मागणी'ला N, 'पुढे'ला P आणि 'कायम करा'ला K. म्हणजे माउस नकोच. एक खास कळ धरायची, अक्षर दाबायचं, काम फत्ते. टॅबच्या कळीनेही बटणांवर जाता येतं, हे मला ठाऊक आहे. पण टॅब आमच्या गावच्या एसटीसारखी. पानावरच्या प्रत्येक फाट्याला थांबते, आणि आपलं ठिकाण आलं की नेमका डोळा लागलेला असतो.

प्रश्न होता खास कळीचा. ब्राउझर म्हणाला, आल्ट आणि शिफ्ट दोन्ही एकदम धरा, मग अक्षर दाबा. तीन बोटं, तीन दिशांना. काकीने डाव्या हाताने प्रयत्न केला. आल्ट सापडली तर शिफ्ट सुटायची, शिफ्ट सापडली तर आल्ट. त्यात आल्ट-शिफ्ट दाबून अक्षर न दाबताच सोडलं, की संगणक इंग्रजी सोडून मराठी लिपीवर जातो, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात 'मराठी'चा संक्षेप उमटतो.

काकी ओणवी होऊन ते वाचत राहिली.

"मनू, हा मला 'मरा' म्हनतोय."

"काकी, ते मराठीचं..."

"मराठीतच म्हनतोय. वाचता येतं मला."

बाईजाआजींनी लगेच मीठ-मोहरी आणली. लॅपटॉपची दृष्ट काढली गेली. मी फक्त मोहरी कीबोर्डच्या फटींत पडू नये एवढं पाहिलं, आणि S च्या खाली एक दाणा गेलाच. तो अजून आहे.

मग मी ब्राउझरच्या त्या आतल्या पानावर गेले, जिथे शिरतानाच तो विचारतो, की इथे काही बिघडलं तर जबाबदारी तुमची, मान्य आहे का? तिथे मला तो आकडा सापडला. हिशोब सुंदर आहे. शिफ्टला एक, आल्टला चार, दोन्ही मिळून पाच. पानावरची अक्षरं जागी करायला ब्राउझर पाच मागत होता. मी पाचाचे चार केले. आता नुसती आल्ट पुरणार होती. चेहऱ्यावर शक्य तेवढी नम्रता आणून मी काकीला म्हटलं, "कर आता."

काकीने आल्ट धरून N दाबलं. नवीन मागणी उघडली. P दाबलं, पुढे गेली. मग तिने चुकून F दाबलं, आणि ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूची एक लांबलचक पट्टी पडद्यावर उलगडून खाली आली.

कारण ब्राउझरने आल्टवर आपली स्वतःची काही अक्षरं आधीच धरून ठेवली होती. हे मी भगीरथमामांना समजावत असताना त्यांचे डोळे चमकले. मास्तरीणबाईंना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी समजण्यासारखं बोलता आलं, असं त्यांना वाटलं असावं.

"म्हंजे एका शिटीवर दोन रुमाल!" ते म्हणाले. "एक ड्रायव्हरच्या पावन्याचा, एक पॅसेंजरचा. मास्तरीणबाई, पावन्याचा रुमाल मागच्या शिटीवर टाका."

मी ब्राउझरच्या मेनूला पाच, म्हणजे आल्ट आणि शिफ्ट दोन्ही, नेमून दिला. उपाय बरोबर होता. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावरची काच त्या दिवशी मी जरा जोरात पुसली.

इथवर सगळं ठीक होतं. मग K आला.

"आता शेवटचं," मी म्हटलं. "आल्ट धर, आणि K."

काकीचं बोट K च्या वर थांबलं. खाली येईना.

"हे कंचं अक्षर गो?"

"के. कायमचा क."

काकीने हात मागे घेतला आणि पदर डोक्यावर घेतला. घरात आम्ही दोघी आणि दारातल्या बाईजाआजी, एवढ्याच होतो. कुंडलिककाका ओटीवर वाकळेच्या घडीला टेकून बसले होते, आणि ते ऐकत नसल्यासारखे दिसत होते, म्हणजे ऐकत होते.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रंभाकाकीने लग्नापासून काकांचं नाव तोंडातून काढलेलं नाही. त्यांना ती 'अनंताचे बाबा' म्हणते, आणि अनंता जन्मण्याआधी काय म्हणायची, याचा तपास लागत नाही. नुसतं नाव नाही, नावासारखं ऐकू येणारंही ती टाळते. तुळशीच्या कुंडीला ती 'तुळशीचं घमेलं' म्हणते. देवळातल्या होमाच्या वेळी गुरुजी कुंडाजवळ या म्हणाले, तर ती "त्या खड्ड्यापाशी" म्हणाली आणि गुरुजींचा मंत्र चुकला.

"पण काकी, नुसतं अक्षर आहे. इंग्रजी आहे."

"पयलं अक्षर हाय," बाईजाआजी दारातून म्हणाल्या. "पयलं अक्षर घेतलं म्हंजे अर्धं नाव घेतलं."

"घ्यायचं नाही, दाबायचं आहे."

"त्ये तर आनखी वाईट! नवऱ्याच्या टाळक्यावर बोट?"

ओटीवरून काका खाकरले. "दाब की गो. मला काय दुखतंय?"

"तुमी गप ऱ्हावा," काकी म्हणाली, आणि विषय संपला.

'कायम करा'चं अक्षर बदलून द्या, अशी विनंती मी मुरबाडला फोन करून केली. हे काम पाहणाऱ्या रंजितामॅडम चांगल्या बाई. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पानात बदल हवा असेल तर गटाचा ठराव लागेल. मग गटाची सभा झाली. ठरावाचा मसुदा मी लिहिला, कारण मी शिकलेली. "K हे अक्षर गटाच्या सचिवांच्या यजमानांचे असल्याने सदर अक्षरावर बोट ठेवण्यास सचिवांस संकोच होतो, तरी पर्यायी अक्षर मिळावे." भगीरथमामांनी 'यजमानांचे' पुढे 'मालकीचे' हा शब्द घालायला सुचवलं. सगळ्याजणींनी सह्या केल्या. कुठलं पर्यायी अक्षर मागायचं, यावर मात्र वाद पेटला, कारण A पासून Z पर्यंत कुणा ना कुणाच्या घरात कुणाचा ना कुणाचा नवरा निघाला. शेवटी X वर एकमत झालं. आमच्या पंचक्रोशीत X ने सुरू होणारा नवरा नाही.

उत्तर लवकर आलं. अक्षर बदलण्याची तरतूद नाही, तालुक्यातल्या सर्व गटांना एकच पान आहे, आणि K ने सुरू होणारे यजमान इतर गटांतही आहेत.

मग काकीने आपणच मार्ग काढला. पाय लागला की आपण नमस्कार करतो ना, तसं. आल्ट धरायची, दोन्ही हात जोडून अनंताच्या बाबांची माफी मागायची, आणि मग K दाबायचं. अडचण अशी, की हात जोडायला आल्ट सोडावी लागते. आणि नुसती आल्ट दाबून सोडली, की ब्राउझरला वाटतं आपल्याला हाक मारली, आणि तो मेनूची पट्टी डोक्यावर घेऊन हजर होतो.

"हा मधेच कशाला उगवतोय?" काकी वैतागली. "आमी नवराबायकोचं बोलतोय ना?"

मी पुन्हा आतल्या पानावर गेले. तिथे ह्याचीही सोय होती. आल्टच्या हाकेला ओ देऊ नकोस, असं ब्राउझरला सांगता येतं. मी सांगितलं. तो गप्प झाला. आता काकी आल्ट धरायची, सोडायची, हात जोडायची, पुन्हा आल्ट धरायची आणि K ला हळूच, झोपलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावावा तसं, टेकायची. पहिल्या दोन वेळा अक्षर दाबलंच गेलं नाही, इतकं हळू.

एके दुपारी मी गेले, तर काका लॅपटॉपसमोर उकिडवे बसलेले. मला बघून त्यांनी उगाच खांद्यावरचा पंचा झटकला.

"मनू, माजं कंचं गो त्यातलं?"

मी दाखवलं.

"हं. मधल्या वळीत हाय." जागा त्यांना पसंत पडलेली दिसली. मग पंच्याचं टोक थुंकीने ओलं करून त्यांनी K पुसून घेतला, पिठाचा डाग होता. "आनि तिचं?"

"R. वरच्या ओळीत."

"ते बराबर हाय," काका म्हणाले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी आम्ही जीपने मुरबाडला गेलो. काकीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. काका कधी येत नाहीत, पण मॅडमना द्यायच्या पापडांची पिशवी उचलायला माणूस हवा म्हणून आले. पिशवी मी करंगळीने उचलली असती. जीपमध्ये काकी ओठांतल्या ओठांत "आल्ट, यन. आल्ट, पी. आल्ट..." असं म्हणत होती, आणि तिसऱ्याला नुसती मान हलवत होती.

तिथे गेल्यावर कळलं, की काम कार्यालयाच्याच संगणकावर करायचं, स्वतःचा लॅपटॉप चालणार नाही. मी इतके दिवस काकीला तयार केलं होतं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मी आमच्या लॅपटॉपला तयार केलं होतं. इथल्या ब्राउझरच्या पोटात पाचच असणार.

"मॅडम, मी जरा आतली एक सेटिंग बदलू का?" मी विचारलं.

"ते कुलूपबंद आहे ताई. पासवर्ड साहेबांकडे, साहेब ठाण्याला."

त्यात प्रोजेक्टर चालत नव्हता. मागे सतरंजीवर बसलेल्या इतर गावांच्या सचिवांना पडदा दिसत नव्हता. म्हणून मॅडमनी नियम केला, की पुढे आलेल्या बाईने आपण काय दाबतो ते मोठ्याने सांगत जायचं, म्हणजे बाकीच्यांनाही शिकायला मिळेल.

काकीचं नाव आलं. ती खुर्चीवर बसली, पदर सारखा केला. आल्ट धरली, N दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा नाही. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखं तिचं तोंड झालं होतं, आणि एवढ्या सगळ्या बायकांसमोर.

मी उभी राहिले. "मॅडम, तिचं बरोबर आहे. ह्या संगणकाला शिफ्टपण लागते. तिच्या हाताला तीन बोटं पेलत नाहीत, डॉक्टरांचा कागद आहे. शिफ्ट दुसऱ्या कुणी धरली तर?"

रंजितामॅडमनी काकीचं मनगट बघितलं. मग आपली खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "शिफ्ट मी धरते. अक्षर तुम्ही दाबायचं. आणि तुम्ही बोलायचं, मावशी. तुम्ही बोललात की मला कळेल कधी धरायची ते."

"यन," काकी म्हणाली. मागणी उघडली. पन्नासेक डोळे पाठीवर असताना तिने ती स्वच्छ वाचून दाखवली, कोण मागतंय, कधीपर्यंत हवंय. "पी." पुढचं पान. पडद्यावर एकच बटण उरलं.

"आता कोणतं, मावशी?"

काकीने नुसती मान हलवली.

"मोठ्याने. मागे ऐकू जाऊ द्या."

काकीचं बोट अक्षरावर होतं, चुकलं नव्हतं. पण तोंड उघडेना. मॅडम तिच्याकडे बघत होत्या, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना तो ठराव आठवला असावा, कारण त्यांनी खालचा ओठ दातांखाली धरला. मागे कुजबुज सुरू झाली. "इसरली वाटतं." "वय झालं गो." शेवटचं वाक्य काकीला ऐकू गेलं.

खिडकीबाहेर काका पापडांची पिशवी छातीशी धरून उभे होते.

काकी खुर्चीत सरळ झाली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि लग्नघरात उंबऱ्यावर अडवल्यावर काढतात त्या आवाजात म्हणाली,

"आल्ट धरली डाव्या हाती, शिफ्टवर मॅडमचं बोट,
कुंडलिकरावांच्या अक्षरावर बांधली पापडांची मोट!"

आणि K दाबलं. हळू नाही. ठाम.

'मागणी कायम झाली' असं पडद्यावर उमटलं, पण ते बघायला कुणाला सवड नव्हती. सतरंजीवर टाळ्या, हशा, "आनखी एक घ्या!" मॅडम शिफ्ट सोडायला विसरल्या. आमची काकी लाजून लालबुंद होऊन मोडेमच्या दिव्यांकडे बघत होती. मी खिडकीकडे पाहिलं. काका आमच्याकडे पाठ करून भिंतीवरची जंतनाशक गोळ्यांची सूचना फार लक्ष देऊन वाचत होते. त्यांचे कान मात्र मला दिसत होते.

त्यानंतर रांगेतली प्रत्येक सचिव K ला आली, की मागून "नाव घ्या, नाव घ्या" सुरू व्हायचं. ज्यांच्या यजमानांच्या नावात क नव्हता, त्यांनीही घेतलं. कार्यक्रम त्यामुळे लांबला. मॅडमनी पापड घेतले, आणि काकीला सांगितलं, सचिव तुम्हीच राहा.

परतीच्या जीपमध्ये दोघं दोन टोकांना बसली. फाट्यावरून घरी चालताना काका नेहमी चार पावलं पुढे असतात. त्या दिवशी पिशवी रिकामी होती, तरी मागे राहिले.

आता काकी मागणी कायम करते तेव्हा हात जोडत नाही. एकदा नाव घेतलं, सोडवण झाली, म्हणते. बाईजाआजींना ते पटलेलं नाही. भगीरथमामा मला अजून मास्तरीणबाईच म्हणतात, पण परवा त्यांनी मोबाइल दाखवायला आणला, हा बढतीचा प्रकार असावा.

कालची गोष्ट. काकी गटाच्या बायकांत पापड वाळत घालत होती. मी लॅपटॉपच्या फटीतला तो मोहरीचा दाणा काढता येतो का बघायला गेले, तर काका समोर बसलेले. डाव्या हाताने आल्ट धरलेली. उजवं बोट वरच्या ओळीत फिरत फिरत R वर आलं. दाबलं. पडद्याकडे बघत राहिले. परत दाबलं.

"काय व्हत नाय गो?"

"त्या पानावर R ला काही काम दिलेलं नाही, काका."

बाहेरून काकीचा आवाज येत होता, कुणाला तरी झापत होती, पापड उन्हात एकावर एक टाकले म्हणून.

"नको देऊस," ते म्हणाले. "सगली कामं तीच तर करते. तिच्या अक्षराला तरी बसू दे जरा."

आणि पंच्याचं टोक ओलं करून त्यांनी R पुसून घेतला.